यॉर्कचे जुन्या पुस्तकांचे प्रदर्शन : खिशात पन्नास पौंड असताना जावे काय?

धागाकर्ता : नवखा लीड्सकर

सर्वांना नमस्कार. मी गेली तीन वर्षे इंग्लंडमधील लीड्स येथे राहत असून तेथील एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. येत्या सप्टेंबरात यॉर्क शहराबाहेरील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जुन्या व दुर्मिळ पुस्तकांचे दोन दिवसांचे मोठे प्रदर्शन भरणार असल्याचे एका सहकाऱ्याकडून समजले. तेथे दोनशेच्या आसपास विक्रेते आपापली पुस्तके मांडतात आणि लीड्सहून रेल्वेने यॉर्क अर्ध्या तासावर आहे, म्हणजे न जाण्यासाठी मला काही सबब उरलेली नाही.

तरीही पाय अडखळतो, त्याचे कारण सांगतो. माझे वडील साताऱ्यात शिक्षक होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मला रद्दीच्या दुकानात घेऊन जात, आणि तेथील ढिगातून दोन-चार पुस्तके निवडून, काट्यावर तोलून, वजनाच्या भावाने घरी आणत. जुने पुस्तक म्हणजे नव्यापेक्षा स्वस्त पुस्तक, ही माझी समजूत तेव्हापासूनची आहे. येथे मात्र जुने म्हणजे महाग असा उलटा हिशेब दिसतो. या प्रदर्शनात पाच पौंडांपासून कित्येक हजार पौंडांपर्यंतची पुस्तके असतात असे ऐकले. माझी तयारी पन्नास पौंडांची आहे. सौ. म्हणते, “काही घ्यायचे नाही तर नुसते बघायला दिवसभर कशाला जायचे? त्यापेक्षा वस्तुसंग्रहालयात जा, तिथे चहा तरी बरा मिळतो.”

विचारायचे ते असे. ज्याला मोठी खरेदी करणे शक्य नाही, त्याला अशा ठिकाणी खरोखर आनंद मिळतो काय, आणि मिळत असल्यास तो नेमका कशाचा? पुस्तके हातात घेऊन पाहू देतात, की दुरूनच दर्शन घ्यावे लागते? माझ्यासारख्या अनोळखी आणि उघडच किरकोळ ग्राहकाशी विक्रेते कसे वागतात? आणि अशा ठिकाणी एखादे मराठी, किंवा निदान महाराष्ट्राविषयीचे, पुस्तक दिसण्याची काही शक्यता असते काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे. माझ्यासारखे काठावर उभे असलेले आणखीही काहीजण येथे असतील.

प्रतिसाद : कागदकिडा

नवखे लीड्सकर, नि:शंक जा. मी या प्रदर्शनाला सहा वेळा गेलो आहे, त्यांपैकी दोनदा एकही पुस्तक न घेता परतलो आहे, आणि त्या दोन्ही खेपा वाया गेल्या असे मला आजवर वाटलेले नाही.

तुमच्या वस्तुसंग्रहालयाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. संग्रहालयात पुस्तक काचेखाली असते, एकाच पानावर उघडलेले असते आणि ते पान कोणते असावे हे दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. येथे तुम्ही हात पुढे करता आणि अडीचशे वर्षांपूर्वीचे पुस्तक त्या हातात येते. मोजकी अतिमौल्यवान पुस्तके विक्रेत्याच्या मागील काचेच्या कपाटात असतात, पण तीही विनंती केल्यावर काढून दाखवतात. चित्रपटांत दिसणारे पांढरे हातमोजे येथे कोणी घालत नाही. हातमोज्यांमुळे बोटांची जाणीव बोथट होते आणि पान फाटण्याची भीती वाढते, म्हणून स्वच्छ धुतलेले, कोरडे हात हीच अपेक्षा असते. दोन पथ्ये पाळा. पाठीवरची पिशवी प्रवेशद्वाराशी ठेवून द्या, कारण अरुंद वाटेत वळताना ती नेमकी मागच्या फळीवर आदळते. आणि पुस्तक फळीवरून काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, दोन्ही बाजूंची पुस्तके किंचित आत ढकलून मधले पुस्तक मध्यावर धरून काढा. ही एवढी कृती पाहूनच विक्रेता तुमच्याविषयीचे निम्मे मत बनवतो.

आता आनंद कशाचा, याचे उत्तर एका प्रसंगाने देतो. तिसऱ्या खेपेला एका वयस्कर विक्रेत्याच्या फळीवर मला प्रवचनांचे एक जाडजूड पुस्तक दिसले. अठराव्या शतकातील होते, विषय मला कणभरही न रुचणारा होता, पण कागद इतका पांढरा होता की हे पुनर्मुद्रण तर नव्हे अशी मला शंका आली. मी तसे बोलून दाखवताच ते गृहस्थ उठले, पुस्तक घेऊन खिडकीपाशी गेले आणि एक पान उजेडासमोर धरले. त्या पानात एकमेकींना अगदी खेटून असलेल्या बारीक आडव्या रेषा दिसल्या आणि त्यांना छेदणाऱ्या, बोटाबोटाच्या अंतरावरच्या ठळक उभ्या रेषा दिसल्या. कागद करणाऱ्याच्या हातातील तारेच्या चाळणीचा तो ठसा होता. मग त्यांनी सांगितले की छापील ताव एकदा दुमडला तर या ठळक रेषा उभ्या राहतात, दोनदा दुमडला तर आडव्या होतात, तीनदा दुमडला तर पुन्हा उभ्या होतात. म्हणजे पुस्तक कोणत्या आकारात बांधले आहे हे मोजपट्टी न लावता, केवळ उजेडाकडे पाहून ओळखता येते. आपल्याकडचे छापखानेवाले डेमी, क्राऊन (कागदाचे आकार) आणि फर्मा (एका तावावर छापलेल्या पानांचा संच) यांची भाषा बोलत, तिचे मूळच जणू त्या खिडकीत दिसत होते.

कागद पांढरा का राहिला, तेही त्यांनीच सांगितले. तो चिंध्यांचा कागद होता, सुती आणि लिननच्या जुन्या कपड्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आला आणि त्यातील आम्लामुळे पाने पिवळी पडून कडा पापडासारख्या मोडू लागल्या. त्यामुळे १७५० चे पुस्तक टवटवीत आणि १९१० चे पुस्तक जराजर्जर, असा उलटा प्रकार तुम्हाला तेथे शेजारीशेजारी पाहायला मिळेल. (अवांतर : आपल्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदावरील पोथ्या आजही का टिकून आहेत, याचे उत्तर मला यॉर्कच्या त्या खिडकीत मिळाले.) हे सर्व त्या गृहस्थांनी मला वीस मिनिटे खर्चून समजावले. पुस्तकाची किंमत पस्तीस पौंड होती, मी ते घेणार नाही हे त्यांना पहिल्या मिनिटालाच कळले असावे, आणि तरीही त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती.

विक्रेत्यांविषयी एवढे लक्षात घ्या की बहुतेक जण एकट्याने किंवा जोडप्याने हा व्यवसाय करतात. त्यांची संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली, ती लहान गावांतील विक्रेत्यांना एकत्र येऊन प्रदर्शने भरवता यावीत यासाठीच. वर्षभर घरातील खोलीत पुस्तकांच्या याद्या करीत बसणाऱ्या माणसाला आपल्या विषयाबद्दल कोणी विचारणारा भेटला की आनंदच होतो. प्रत्येकाचा विषय ठरलेला असतो. कोणाकडे केवळ रेल्वे, कोणाकडे गिर्यारोहण, कोणाकडे मुलांची पुस्तके, कोणाकडे पाककृती, कोणाकडे नकाशे. “मी नुसता पाहतो आहे” असे म्हणण्याऐवजी “मला अमुक विषयात रस आहे” असे म्हणा आणि फरक पाहा.

किमतीविषयी. पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा लिहिलेला असतो. शेवटच्या पानावर कधीकधी पेन्सिलीचीच काही अक्षरे दिसतील. ती विक्रेत्याची खरेदीची किंमत असते, त्याच्या खासगी सांकेतिक लिपीत. ती उलगडण्याचा प्रयत्न मी पुष्कळ केला, यश आलेले नाही. मंडईतल्यासारखी घासाघीस येथे शोभत नाही. “यापेक्षा काही कमी होऊ शकेल काय?” असे एकदाच विचारावे आणि मिळेल ते उत्तर मान्य करावे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो, कारण न विकलेली खोकी पुन्हा गाडीत चढवण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो.

प्रतिसाद : थेम्सकाठी

कागदकिडा यांच्याशी सहमत आहे, पण एका बाबतीत नाही. खरेदी न करता परतण्यातील आनंदाची ते थोडी अधिकच भलामण करीत आहेत. पाहण्यासाठी लंडन आणि घेण्यासाठी यॉर्क, अशी माझी विभागणी आहे.

लंडनमधील मुख्य प्रदर्शन ज्या संघटनेकडून भरवले जाते ती १९०६ मध्ये स्थापन झाली आणि तिने पहिले प्रदर्शन १९५८ मध्ये भरवले. अनेक वर्षे ते ऑलिंपियाच्या भव्य सभागृहात होत असे, अलीकडे ते चेल्सीतील साची गॅलरीत होते. तेथे सर्व काही अधिक झगमगीत असते, दिव्यांपासून किमतींपर्यंत. त्या ठिकाणी पन्नास पौंडांत काही मिळण्याची आशा ठेवू नये. पण पाहायला मिळते ते असे की, मी एका वर्षी जे पाहिले ते येथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा मलबारमधील वनस्पतींवरील बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. कोचीनच्या डच सत्तेचा प्रमुख हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने तो सिद्ध करवला. मी एका विक्रेत्याच्या मेजावर त्याचा पहिला खंड पाहिला, ताटाएवढा मोठा, आणि सहज म्हणालो की यात आमच्या लिपीतील मजकूर असल्याचे वाचले आहे. त्या बाईंनी काही न बोलता आरंभीची पाने उलटली आणि ते पान समोर ठेवले. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी वैद्यांनी १६७५ मध्ये दिलेला, कोंकणी भाषेतील, नागरी अक्षरांतील दाखला! ती अक्षरे खिळ्यांची (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांची) नव्हेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आहेत, त्यामुळे हाताच्या लिखाणाची वळणे जशीच्या तशी उतरली आहेत. आजूबाजूला लॅटिन बोलणारे सारे जग आणि त्यात आपल्याला अक्षर लावून वाचता येईल असे ते पान. मी पहिल्या दोन ओळी अडखळत मोठ्याने वाचल्या. त्या बाईंनी तोपर्यंत ते पान वाचू शकणारा माणूस पाहिला नव्हता, असे त्या म्हणाल्या. खरे असो वा ग्राहकाचे मन राखण्यासाठी असो, मला ते पुरले.

अवांतर : जर्मनीतील श्टुटगार्ट येथे जानेवारीच्या सुमारास असेच प्रदर्शन भरते, १९६२ पासून. तेथील एक रीत मला फार आवडते. पुस्तकांची यादी आधीच प्रसिद्ध होते, आणि दारे उघडताच एकाच पुस्तकावर एकाहून अधिक ग्राहकांनी हक्क सांगितला तर चिठ्ठ्या टाकून निकाल लावतात. धावणाऱ्याचे पाय आणि पैसेवाल्याचा खिसा यांपैकी कशालाच मग महत्त्व राहत नाही. मी दोनदा चिठ्ठी टाकली, दोनदा हरलो.

प्रतिसाद : पेठेतला जुना

वाचून आनंद झाला आणि पोटात दुखलेही. आमच्याकडे अप्पा बळवंत चौकात, मुंबईला फाउंटनच्या आसपासच्या पदपथांवर, माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी जुनी पुस्तके विकणाऱ्यांनी कित्येक पिढ्यांना वाढवले, परंतु त्यांपैकी कोणालाही वर्षातून दोन दिवस एखादे सभागृह, डोक्यावर छप्पर आणि बसायला खुर्ची मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दिल्लीचा दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार तर २०१९ मध्ये रस्त्यावरून उठवण्यात आला आणि मग महिला हाट येथे हलवला गेला. माझ्या काकांनी चाळीस वर्षे जमवलेले मराठी मासिकांचे बांधीव खंड त्यांच्या तेराव्यानंतर आठवडाभरात टेम्पोत भरून गेले. मी पुण्यातच होतो आणि मला दहाव्या दिवशी कळले. तुम्ही जाऊन या आणि मला हेवा वाटेल असा वृत्तांत लिहा.

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

या धाग्यातील मराठी पुस्तकांचा प्रश्न अद्याप कोणी हाताळलेला नाही, म्हणून लिहिते.

इंग्लंडमध्ये जुनी मराठी पुस्तके सापडतात, फार नव्हे, पण सापडतात, आणि त्यामागे साधे कारण आहे. मुंबई इलाख्यात नोकरीला येणाऱ्या मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि मिशनऱ्यांना तर भाषेवाचून गत्यंतरच नव्हते. निवृत्तीनंतर ही मंडळी कोश, व्याकरणे आणि वाचनपाठ पेट्यांत भरून मायदेशी घेऊन गेली. दोन-तीन पिढ्यांनी नातवंडांनी माळा आवरायला काढला, की ती लिपी कोणती हेही ठाऊक नसलेल्या विक्रेत्याच्या हाती ती पुस्तके येतात. त्यामुळे फळीवर “हिंदुस्तानी”, “संस्कृत” किंवा नुसते “पौर्वात्य” अशी चिठ्ठी लावलेली पुस्तके अवश्य उघडून पाहावीत. नागरी अक्षर दिसले की पुष्कळ विक्रेते ते संस्कृत समजतात.

काय भेटू शकेल? मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये निघाले आणि त्यांचा कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापला गेला. ही दोन्ही अतिदुर्मिळ आहेत, ती दिसली तर नमस्कार करावा आणि पुढे जावे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी, पुष्कळ वाढवलेली, १८५७ ची. दुसरी आवृत्ती अधूनमधून विक्रीस येते. आपल्या घरांतून आढळतो तो बहुधा पुण्यात १९७५ मध्ये निघालेला तिचा पुनर्मुद्रित अवतार. मूळ प्रत हाती आली तर एकच शब्द काढून पाहा, उदाहरणार्थ ‘खटपट’, आणि छपाईतील नागरी खिळ्यांची ठेवण न्याहाळा. इंग्रजी पुस्तकांत, १८०९ साली दौलतराव शिंदे यांच्या छावणीबरोबर फिरलेल्या टॉमस ब्रॉटन यांच्या पत्रांचे पुस्तक आहे, लंडनला १८१३ मध्ये छापलेले, हाताने रंगवलेल्या चित्रांसह. पैसे नसले तरी ती चित्रे पाहाच.

पुस्तक घ्यायचेच ठरले तर पूर्णत्व तपासावे. पुढचे शीर्षकपृष्ठ आहे काय, पृष्ठांक सलग आहेत काय, प्रस्तावनेत चित्रे किंवा नकाशा असल्याचा उल्लेख असेल तर ती जागेवर आहेत काय, हे ग्रंथालयात आम्ही प्रत्येक देणगीच्या पुस्तकाबाबत पाहत असू. चांगला विक्रेता उणिवा स्वत:च लिहून ठेवतो. पानांवरील तांबूस ठिपके, कसरीची छिद्रे, सैल झालेली बांधणी, पुन्हा चढवलेला कणा या सर्वांची नोंद त्याच्या वर्णनात असते, आणि ते वर्णन वाचणे हे स्वतंत्र शिक्षणच आहे. ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर तेथेच “संग्रहातून काढले” असा दुसरा शिक्काही आहे ना, हे पाहा. नसल्यास विचारण्यात संकोच करू नये. हरवलेल्या आणि चोरीस गेलेल्या पुस्तकांची नोंदवही दुर्मिळ पुस्तकविक्रेत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठेवते, ती याचसाठी.

एक गोष्ट मात्र मला आनंदाच्या खात्यात टाकता येत नाही. अशा प्रदर्शनांत कधीकधी हस्तलिखित पोथ्यांची सुटी पाने, चौकटीत बसवून, भिंतीवर टांगण्याची शोभेची वस्तू म्हणून विकली जातात. एक पोथी फोडून तिची शंभर पाने शंभर घरांत गेली की ती पोथी कायमची संपते. भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी विक्रेत्याकडील एखादे पान त्या कायद्याच्या आधी गेले की नंतर, हे त्या पानाकडे पाहून कळत नाही. म्हणून सुटे पान दिसले तर ते केव्हा आणि कोठून आले हे विचारावे, आणि उत्तर संदिग्ध असेल तर ते तेथेच राहू द्यावे.

प्रतिसाद : कागदकिडा

ग्रंथपालताई, पूर्ण सहमत. नकाशांच्या बाबतीतही हेच घडते. अख्खा ॲटलास विकण्यापेक्षा त्याची पाने सुटी करून विकण्यात अधिक पैसा असतो, आणि यॉर्कमध्ये नकाशांच्या खणांत बोटे फिरवताना मला दरवेळी थोडे अपराधी वाटते. बोटे थांबत मात्र नाहीत, हेही कबूल करतो.

प्रतिसाद : नवखा लीड्सकर (धागाकर्ता)

शनिवारी जाऊन आलो. पेठेतले जुने यांनी मागितलेला वृत्तांत देत आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

स्थानकासमोरून बस मिळाली. तिच्यात बसलेल्या एकाही उतारूला मैदानाचा रस्ता विचारावा लागला नाही, कारण निम्म्या लोकांच्या हाती घडी घातलेल्या रिकाम्या कापडी पिशव्या होत्या. ज्या दालनांतून श्रीमंत लोक एरवी घोड्यांवर पैसे लावत असतील, त्यांत मजल्यामजल्यांवर फळ्या उभ्या केल्या होत्या आणि रुंद काचांतून बाहेर रिकामी हिरवी धावपट्टी दिसत होती. पहिला तासभर मी पुरता गोंधळलेला होतो. एवढी पुस्तके एकाच वेळी दिसली की डोळा कोणत्याच कण्यावर ठरत नाही. शेवटी कागदकिडा यांचा सल्ला आठवला आणि एका ठिकाणी धीर करून म्हणालो, “मला पश्चिम भारताविषयीच्या पुस्तकांत रस आहे.” त्या विक्रेत्याने मला थेट दुसऱ्या मजल्यावरील एका व्यक्तीकडे पाठवले, त्या व्यक्तीने तिसरीकडे, आणि अशा रीतीने संपूर्ण दिवस मी जणू पत्ता लिहिलेल्या पाकिटासारखा एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे पोहोचवला जात होतो. “नुसता पाहतो आहे” हे वाक्य एकदाही उच्चारावे लागले नाही.

ब्रॉटन यांचे पुस्तक प्रत्यक्ष पाहिले. किंमत माझ्या एका महिन्याच्या घरभाड्याहून अधिक होती, आणि ती तशी आहे हे मी प्रांजळपणे सांगितल्यावरही विक्रेत्याने खुर्ची ओढून दिली. पंधरा मिनिटे बसून सर्व चित्रे पाहिली. एके ठिकाणी रंग रेषेच्या किंचित बाहेर गेला होता. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये कोणी तरी दिवसाला किती प्रती रंगवत बसले असेल आणि त्या एका जागी त्याचा हात सुटला असेल. छापील पुस्तकाची प्रत्येक प्रत निराळी असते, हे मला तोवर कधी खरे वाटले नव्हते.

आता खरेदी. तळमजल्यावर एका कोपऱ्यात, मेजाखालच्या खोक्यात, “संस्कृत?” अशी प्रश्नचिन्हासह चिठ्ठी लावलेले एक लहान पुस्तक मिळाले. (ग्रंथपालताई, तुमचे बोल किती खरे!) उघडून पाहतो तो साहेबांना मराठी शिकवण्यासाठी केलेले व्याकरण आणि पुढे संभाषणाची वाक्ये. शीर्षकपृष्ठ नाही, शेवटची काही पाने नाहीत, कण्यावर कोणी काळी फीत चिकटवलेली. बारा पौंड. ते संस्कृत नसून मराठी आहे असे मी विक्रेत्याला सांगितले, तेव्हा त्याने चिठ्ठी खोडली, क्षणभर विचार केला आणि दहा पौंड घेतले. माहिती दिल्याबद्दल दोन पौंड वजा, असे म्हणाला. साताऱ्याच्या रद्दीवाल्याकडे वडिलांना अशी सूट कधी मिळाली नव्हती.

परतीच्या गाडीत ते पहिल्यांदा नीट पाहिले. ज्या कोणाचे ते पुस्तक होते, त्याने पेन्सिलीने प्रत्येक शब्दावर रोमन अक्षरांत उच्चार लिहिले आहेत. अक्षर सुबक आणि बारीक आहे, शाळकरी मुलाच्या उत्साहाचे. ‘ळ’च्या उच्चाराचा नियम आहे तेथे समासात ‘अशक्य’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. नामांची लिंगे येतात तेथे प्रश्नचिन्हांची संख्या वाढत जाते. ‘दगड’ पुल्लिंगी, ‘वीट’ स्त्रीलिंगी आणि ‘घर’ नपुंसकलिंगी का, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे, उत्तर मलाही देता आले नसते. विभक्तींच्या प्रकरणात त्याने पुन्हा उमेद धरलेली दिसते, तेथे रकाने आखून सर्व रूपे स्वत:च्या हाताने लिहून काढली आहेत. पुढे क्रियापदे येतात, कर्तरी प्रयोग नीट पार पडतो, कर्मणीपाशी अक्षर मोठे आणि फराटेदार होते, आणि भावे प्रयोगाच्या दुसऱ्या उदाहरणावर पेन्सील थांबते. त्यानंतरची ऐंशी-नव्वद पाने कोरी करकरीत आहेत. त्या गृहस्थाची बदली झाली, परीक्षा हुकली की भावे प्रयोगाने त्याचा धीर सुटला, हे कळण्यास मार्ग नाही.

सौ. गेले चार दिवस त्यातील संभाषणाची वाक्ये मोठ्याने वाचते आहे. ‘घोड्यास दाणा घातला काय’, ‘तू काल का आला नाहीस’, ‘हे पाणी स्वच्छ नाही’ अशी सर्व वाक्ये हुकूम सोडणारी किंवा तक्रार करणारी आहेत. आभार मानणारे एकही वाक्य आम्हांला अद्याप सापडलेले नाही, पण तिचा शोध चालू आहे.

ग्रंथपालताई, आपणांस एक विनंती आहे. शीर्षकपृष्ठ नसताना अशा पुस्तकाचा लेखक, छापखाना किंवा निदान दशक कसे शोधून काढावे? खिळ्यांच्या ठेवणीवरून काही ठरवता येते काय? ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे आजच्यापेक्षा निराळ्या वळणाची आहेत आणि अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर जरा उजवीकडे सरकलेला आहे. आपण सांगाल त्या पानांची छायाचित्रे काढून येथेच चढवतो.